दुसरा मास्तर

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शिक्षकांचे एक हजेरीपत्रक असते. मुलांचे वेगळे, शिक्षकांचे वेगळे. बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत या दुसऱ्या हजेरीपत्रकावर वर्षानुवर्षे एकच नाव असे. मुख्याध्यापक तोच, सहशिक्षक तोच, कारकून तोच आणि घंटा वाजवणाराही तोच. आपण आलो म्हणून स्वतःच सही करायची आणि ती बरोबर आहे म्हणून खाली मुख्याध्यापकाच्या जागी पुन्हा स्वतःच सही करायची. श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते त्या हजेरीपत्रकावरच्या रिकाम्या दुसऱ्या ओळीबद्दल.

एकटेपणा म्हटला की आपण तो माणसाच्या स्वभावात शोधतो. अमका अबोल आहे, तमक्याचे कोणाशी जमत नाही. शिक्षकाच्या बाबतीत हा शोध बहुतेक वेळा फसतो, कारण त्याचा एकटेपणा मंजूर पदांच्या तक्त्यात असतो. पट इतका, म्हणून पद एक. माणूस कितीही बोलका असो, त्या तक्त्यापुढे त्याचे काही चालत नाही. आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात भूगोलही त्या तक्त्याच्या बाजूनेच उभा राहतो. हा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भागांत तोडला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा, पूर्णेच्या काळ्या मातीचा. मोताळ्याचा पाय दोन्हीकडे. रेल्वे घाटाखाली आणि जिल्ह्याची कचेरी घाटावर. अगदी उत्तरेला सातपुडा. साडेनऊ हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या या मुलखात गाव तिथे शाळा म्हणजे, दुसऱ्या शब्दांत, गाव तिथे एक मास्तर.

हे नेहमीच असे नव्हते. इंग्रजी अमलापूर्वी गावात पंतोजी असे. कोणाच्या ओसरीवर किंवा देवळात तो मुले जमवी, धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेई आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपला वाटा घेई. त्याची विद्या बेताची असेल, छडी फार चालत असेल, आणि गावातल्या सगळ्या जातींची मुले त्याच्यापुढे बसत नव्हतीच. पण तो गावाचा होता. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८६०च्या दशकात वऱ्हाडचे शिक्षणखाते उभे राहिले, सरकारी शाळा निघू लागल्या आणि गावात एक नवीनच माणूस आला. तो नॉर्मल स्कुलात शिकलेला, ठरावीक पगाराचा आणि मुख्य म्हणजे बदलीचा होता. ‘बदली’ हा शब्द शिक्षकाच्या आयुष्यात तेव्हा शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही. पंतोजी गावातून जात नसे. मास्तर जाणार हे तो आला त्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक असे, त्यालाही आणि गावालाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी हे दुखणे फार लवकर ओळखले होते. १८८२च्या ऑक्टोबरमध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षकांबद्दल एक मुद्दा आहे. त्या वेळचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते आणि ते गावातल्या कष्टकरी लोकांपासून दूर दूर राहत, असे फुल्यांचे निरीक्षण होते. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, जे लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांनी सुचवले. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा, असेही सांगितले. निवेदन मुंबई इलाख्याबद्दलचे असले, तरी ते वऱ्हाडालाही लागू पडत होते. आपण हे निवेदन बहुधा जातीच्या आणि शिक्षणप्रसाराच्या अंगाने वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात शिक्षकाच्या एकटेपणाचे निदानही आहे. जो गावात मिसळू शकत नाही, त्याला गाव शिकवू देत नाही, हे फुल्यांनी पाहिले होते.

त्याच १८८२ साली बुलढाण्यात बसून एका बाईने एक पुस्तक लिहिले. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. पुस्तक छापले गेले पुण्याला. त्यावर टीका झाली तेव्हा पाठीशी उभे राहिले ते फुलेच, ‘सत्सार’मधून. ताराबाई शिक्षिका नव्हत्या, म्हणून त्यांना या विषयात ओढणे कोणाला अवांतर वाटेल. पण लहान गावात एकट्याच वाचत्या-लिहित्या माणसाचे काय होते, हे पाहायचे तर याच जिल्ह्यातला हा पहिला मोठा दाखला आहे. इतके धारदार लिहिणाऱ्या या बाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही.

मास्तरला गावात मिसळण्याची एक वाट सरकारने उघडून दिली, पण ती वेगळ्याच हेतूने. खेड्यांतून टपाल न्यायचे तर पगारी पोस्टमास्तर परवडत नव्हता. मग कितीतरी ठिकाणी शाळामास्तरलाच थोडा भत्ता देऊन शाखा-पोस्टाचे काम दिले गेले. इंग्रजी अमलात सुरू झालेली ही सोय स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे चालू होती. शाळेच्याच एका कोपऱ्यात टपालाची पेटी, शिक्का, लाख आणि तिकिटांचा डबा. या कामाने मास्तरचा वेळ जात होता आणि त्याबद्दल तपासनिसांची कुरकुरही असे. पण ज्याच्या हातून मनीऑर्डर मिळते, जो पत्र वाचून दाखवतो आणि उत्तर लिहूनही देतो, तो माणूस परका राहत नाही. सासरी गेलेल्या लेकीची खुशाली, मुंबईच्या गिरणीत गेलेल्या भावाचे पैसे, कोर्टाचे समन्स हे सगळे आधी त्याला कळे. गावाची गुपिते त्याच्यापाशी असत आणि ती त्याच्यापाशीच राहत. त्याच्या स्वतःच्या पत्रांचे मात्र वाचन त्याला दिव्याच्या उजेडात एकट्यानेच करावे लागे.

बुलढाण्याला लागूनच खानदेश आहे. तिथे अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक होते. घर दूर कोकणात, आई गेलेली, स्वभाव हळवा. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी मुलांसाठी हाताने लिहून एक दैनिक काढले, ‘छात्रालय दैनिक’. रोज लिहायचे आणि मुलांनी वाचावे म्हणून ठेवायचे. साने गुरुजींच्या या उद्योगाकडे आपण त्यागाचा, वात्सल्याचा नमुना म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला बरोबरीचे बोलायला फारसे कोणी नाही, असा माणूस रोज रात्री कागदाशी बोलतो आणि सकाळी त्याला शेकडो डोळे मिळतात. सगळ्यांना ते साधत नाही. साने गुरुजी एकच झाले. कागदाशी बोलणारे मास्तर मात्र पुष्कळ होते. खेडोपाडी लिहिल्या गेलेल्या त्या कवितांच्या वह्या कुठल्या ट्रंकेत गेल्या असतील कोण जाणे.

१९३७ नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. कल्पना अशी की, गावाने शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा. शिक्षकाने दीर्घ मुदतीची हमी द्यायची आणि दरमहा पंधरा रुपयांवर काम करायचे. वर्ध्याला गांधीजींच्या उपस्थितीत १९३८ मध्ये या शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. नावावरून मुस्लिम समाजात नाराजी झाली, मग युद्ध आले, मंत्रिमंडळ गेले आणि योजना मागे पडली. पगाराच्या दृष्टीने ती शिक्षकावर अन्याय करणारीच होती, असे माझे मत आहे. तरीही बदलीच्या मास्तरला पुन्हा गावाच्या जमिनीशी बांधण्याचा तो एक प्रयत्न होता, एवढे श्रेय तिला द्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर जनपद सभा आल्या. आज ऐंशी-नव्वदीत असलेले या भागातले शिक्षक अजून ‘जनपदच्या काळात’ असे बोलतात. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यानंतर शाळा झपाट्याने वाढल्या. छोट्या गावांत, तांड्यांवर, वाड्यांवर शाळा गेली. ही फार मोठी गोष्ट होती आणि ती स्वस्तात करायची होती. म्हणून एकशिक्षकी शाळा. एका खोलीत चार वर्ग. पहिलीला पाटीवर लिहायला द्यायचे, दुसरीला पाढे, तिसरीकडून वाचन आणि चौथीला गणित. या वर्गांचा मेळ घालताना मास्तरला दिवस पुरत नसे. दिवसभर त्याला एकटे वाटायला सवड नव्हती. खरा प्रश्न पाच वाजल्यानंतरचा होता.

पाच वाजता मुले जात. गावातली माणसे शेतातून यायला अजून अवकाश असे. मास्तर कोणाच्या तरी वाड्यातल्या एका खोलीत राहत असे. स्टोव्हला पंप मारायचा, खिचडी टाकायची. भाकरी जमत नसे, मग ती शेजारून येई आणि तिच्याबरोबर एक बंधनही येई. पाटलाच्या घरची भाकरी खाणाऱ्या मास्तरला पाटलाच्या विरोधातल्या गटाची मुले घरी बोलावताना विचार करावा लागे. निवडणूक जवळ आली की हे जास्तच. कोणाच्या ओट्यावर बसायचे आणि किती वेळ, याचाही हिशेब ठेवावा लागे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर माणदेशातला, पण ते पुस्तक वाचताना वऱ्हाडातल्या मास्तरला काहीच परके वाटू नये.

अशा गावांत संध्याकाळची एक मोठी गोष्ट म्हणजे मुक्कामी गाडी. तालुक्याहून निघालेली शेवटची एस.टी. रात्री गावात थांबे आणि पहाटे परत जाई. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकत. त्यांच्याबरोबर सकाळचे वर्तमानपत्र रात्री येई, तालुक्याच्या बातम्या येत आणि कोणाची बदली कुठे झाली हेही येई. मास्तर आणि कंडक्टर यांची दोस्ती हा एक न लिहिलेला अध्याय आहे. दोघेही घरापासून लांब, दोघांनाही गाव आपले नाही, आणि दोघांच्याही खिशाला हिशेबाची पेन्सिल.

सगळ्यांचा एकटेपणा सारखा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १९५६च्या धर्मांतरानंतर विदर्भातले पुष्कळ बौद्ध तरुण शिकून शिक्षक झाले. गावात शाळा त्यांच्या हाती, पण राहायला खोली मिळण्याची मारामार. ‘गुरुजी, तुम्ही भले माणूस आहात, पण घरात म्हातारी आहे, ती ऐकणार नाही,’ अशा धर्तीची उत्तरे. शेवटी बौद्धवाड्यात सोय व्हायची किंवा शाळेच्याच खोलीत झोपावे लागायचे. बाईंची गोष्ट आणखी वेगळी. एकट्या शिक्षिकेला खोली मिळाली तरी संध्याकाळी दारात कोण आले याकडे गावाचा डोळा असे. म्हणून कोणी म्हाताऱ्या आईला घेऊन राही, कोणी सासूला. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या तालुक्यात, मूल तिसऱ्याच गावी आजीजवळ, असे संसार या जिल्ह्याने खूप पाहिले आहेत. शेजारच्या दोन गावांत दोन बाई असल्या, तर त्या मधल्या मोठ्या गावात एक खोली घेऊन राहत. ही व्यवस्था त्यांनी आपापसात लावली होती. शिक्षणखात्याच्या कुठल्याही योजनेत ती नव्हती.

आणि सातपुडा. जळगाव जामोद तालुक्यातल्या भिंगारा, चाळीसटापरी अशा आदिवासी गावांत पहिल्यांदा रुजू होणाऱ्या शिक्षकाला रस्त्यापेक्षा भाषेची चढण अवघड असते. घरात भिलाली, कोरकू. याच डोंगरपायथ्याला सोनबर्डीसारख्या गावांत निहाली बोलली जाते. तिचे जगातल्या कुठल्याच भाषेशी नाते जुळत नाही, म्हणून देशोदेशीचे भाषाशास्त्रज्ञ तिच्यामागे लागलेले आहेत. बोलणारे उरले आहेत जेमतेम दोन-अडीच हजार. शिक्षक वर्गात मराठीत बोलतो आणि मुले गप्प राहतात. मुलांना वाटते हा माणूस परका आहे, शिक्षकाला वाटते मुले मठ्ठ आहेत. जे शिक्षक तिथे टिकले, त्यांनी सगळ्यांत आधी मुलांकडून पाण्याला, आईला, झाडाला काय म्हणतात ते विचारून घेतले. शिकवण्याचा क्रम उलटा केला म्हणा ना.

या साऱ्या पसरलेल्या माणसांना एकत्र आणणारी एक गोष्ट मात्र खात्याने केली होती, आणि तिचे मोल खात्यालाही पूर्णपणे कळले होते की नाही अशी शंका येते. ती म्हणजे गटसंमेलन. जवळच्या आठ-दहा शाळांचा एक गट. महिन्यातून एकदा त्या गटातल्या एका शाळेत सगळ्यांनी जमायचे. सकाळी प्रार्थना, मग एकाने मुलांसमोर आदर्श पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागे बसून पाहायचे. नंतर मुलांना सुटी, आणि पाठावर चर्चा. ‘फलकलेखन सुंदर, परंतु प्रश्न पुढच्या बाकांनाच विचारले गेले,’ असे काहीतरी. कोणी निबंध वाची, कोणी टाकाऊतून टिकाऊ साधन करून आणलेले असे. विस्तार अधिकारी दोन शब्द बोलत आणि ते दोन शब्द पाऊण तास चालत.

मग पंगत. याच्याशिवाय गटसंमेलनाचे वर्णन पुरे होत नाही. ज्या गावात संमेलन त्या गावाची इभ्रत. घाटाखाली असेल तर भरीत आणि कळण्याची भाकर, नाहीतर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. सकाळी सायकलवरून आठ-दहा मैल आलेला मास्तर जेवून सावलीत आडवा झाला की खरे बोलणे सुरू होई. चौथीच्या भागाकाराला मुले कुठे अडतात, अमुक मुलगा तोतरा आहे त्याचे काय करायचे, वरिष्ठांचा मेमो आला त्याला उत्तर कसे लिहायचे, बहिणीला स्थळ आहे का. आदर्श पाठाच्या चर्चेपेक्षा या झाडाखालच्या चर्चेत अध्यापनशास्त्र जास्त होते, असे म्हटले तर चुकणार नाही. आदर्श पाठ पुष्कळदा नाटकी असे, मुलांकडून आधी तालीम करून घेतलेला. ते सगळ्यांना माहीत असे आणि कोणी बोलत नसे.

अमेरिकेत १९७५ मध्ये डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने शाळाशिक्षकांवर एक गाजलेले पुस्तक लिहिले. त्याने शाळेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. एकेका खळग्यात एकेक शिक्षक, एकमेकांचा स्पर्श नाही. शेजारच्या वर्गात काय चालते ते याला ठाऊक नाही. त्याचे निरीक्षण एकाच इमारतीतल्या वीस-पंचवीस शिक्षकांबद्दल होते. आपल्याकडे तर एकेक अंडे वेगळ्या गावात होते. जपानमध्ये शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहून त्यावर बारकाईने चर्चा करण्याची ‘जुग्यो केंक्यू’ नावाची रीत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. अलीकडे जगभर तिचा अभ्यास होतो, आपल्या प्रशिक्षणांतही तिचे नाव घेतात. ते ऐकताना वाटते की, मोताळ्याच्या आणि मेहकरच्या खेड्यांत आपण ओबडधोबड का होईना तेच करत होतो. आपल्याला त्याचे नाव ठेवता आले नाही, एवढेच.

दुसरा मिळण्याचा दिवस पगाराचा. बँकेत परस्पर पगार जमा होण्याआधी तो पंचायत समितीतून किंवा ठरलेल्या शाळेतून घ्यावा लागे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या गावी मास्तरांची गर्दी होई. पगार घ्यायचा, पतसंस्थेचा हप्ता भरायचा, किराणा घ्यायचा आणि हॉटेलात चार जणांनी मिळून चहा घ्यायचा. पतसंस्थेचेही असेच. कर्जाला जामीन लागतो, आणि जामीन राहणारा सहकारी शिक्षकच असतो. एकमेकांना जामीन राहिलेल्या माणसांचे नाते कागदोपत्री सुरू होते, पण कागदापुरते राहत नाही. १९७७-७८च्या चौपन्न दिवसांच्या संपात सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकही उतरले. संपाची मागणी महागाई भत्त्याची होती. त्या दिवसांत घरी चूल कशी पेटली हे ज्याचे त्याला ठाऊक. पण आपण एका शाळेचे एक मास्तर नसून एवढे सगळे आहोत, हे मोर्चात चालताना प्रत्येकाला दिसले.

१९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यांतला एक शक्यतो स्त्री. हजेरीपत्रकावर दुसरी ओळ आली ती अशी. लिहिताना साधी वाटणारी ही गोष्ट होती, पण मास्तर आजारी पडला तर शाळा बंद पडत नव्हती आणि मधल्या सुटीत डबा उघडताना समोर कोणी होते. अर्थात दोन माणसे म्हटली की सुख आलेच असे नाही. दोन शिक्षकी शाळेत दोघांचे बिनसले, तर त्यासारखे एकटेपण नाही. एकमेकांशी बोलणे बंद आणि पाचवीतल्या मुलाच्या हाती चिठ्ठ्या पाठवून कारभार चालला आहे, असेही किस्से जिल्ह्यात चवीने सांगितले जातात. तिसरा माणूस नसल्यामुळे समेट घडवायलाही कोणी नसे. तरी भांडायला का होईना, कोणी तरी होते.

नोव्हेंबर १९९४ मध्ये राज्याने केंद्रशाळांची रचना केली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख. गटसंमेलनाची जागा पुढे केंद्राच्या शिक्षण परिषदेने घेतली. रचना चांगली होती. पण केंद्रप्रमुखाच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहू लागल्या, एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा पदभार आला आणि परिषदेचा बराचसा वेळ माहिती गोळा करण्यात, सूचना वाचण्यात जाऊ लागला. झाडाखालचे बोलणे आटले.

दरम्यान मोटारसायकल आली होती. रस्ते झाले, शिक्षकांची मुले मोठी होऊन शहरातल्या शाळांत जाऊ लागली, आणि शिक्षक खामगाव, चिखली, मलकापूर, बुलढाण्याला राहून रोज ये-जा करू लागले. ‘अपडाऊन’ हा शब्द शिक्षकाला शिवीसारखा चिकटला. गावाचे म्हणणे खरे आहे. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसणारा, रात्री अभ्यासिका घेणारा मास्तर गावाने गमावला. पण शिक्षकाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याला पहिल्यांदाच संध्याकाळी स्वतःचे घर आणि कॉलनीत बरोबरीचे शेजारी मिळाले. म्हणजे त्याचे एकटेपण संध्याकाळचे होते ते दिवसाचे झाले. गावात आता त्याला कोणी ‘गुरुजी, जेवायला या’ म्हणत नाही. पुढे घरभाड्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागणारा आदेशही २०१९ मध्ये निघाला. ज्या गावाने कधी काळी कौतुकाने ठेवून घेतले, त्याच गावाकडून राहत असल्याचा दाखला मागायचा!

२००० साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली. डी.एड. झालेल्या तरुणाने तीन वर्षे दरमहा तीन हजारांवर काम करायचे. घरच्या जिल्ह्यात जागा नसत. बुलढाणा, जालना, परभणी, बीडकडची कितीतरी मुले-मुली कोकणात रुजू झाली. पावसात सात-आठ पोरांची शाळा, डोंगर उतरून वाडी, भात खाऊन कंटाळलेले तोंड आणि ज्वारीची भाकरी फक्त स्वप्नात. वऱ्हाडी बोलीला तिथली मुले हसत आणि हा त्यांच्या बोलीला. तीन वर्षे म्हणून गेलेले कित्येक जण आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे बसले. लग्ने तिकडून जुळली, आईवडिलांच्या शेवटच्या आजारपणात रात्रभराचा प्रवास करून यावे लागले. एका शाळेतला वऱ्हाडी दुसऱ्या शाळेतल्या वऱ्हाड्याला शोधून काढी आणि दोघे-तिघे मिळून खोली करत. घरून आलेले भाकरीचे पीठ वाटून घेत.

आता सगळे मोबाइलवर आहे. पगार खात्यात, बदलीचा अर्ज ऑनलाइन, पोषण आहाराची रोजची नोंद ॲपवर. केंद्राचा गट, तालुक्याचा गट, संघटनेचा गट, प्रत्येकाच्या फोनवर दहा-पंधरा व्हॉट्सॲप गट असतात. सकाळपासून निरोप येत राहतात: माहिती आजच द्यावी, अत्यंत तातडीचे. २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या, तेव्हा याच गटांनी शिक्षकांना धरून ठेवले हे मान्य केले पाहिजे. त्या दिवसांत चौकीवर, सर्वेक्षणावर, कोविड केंद्रावर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्याची खबर तिथेच मिळे. पण एरवी या गटांत दीडशे माणसे असतात आणि ‘भागाकाराला मुले अडतात, काय करू?’ असे सहसा कोणी विचारत नाही. साहेबही त्याच गटात असतात.

आणि तक्ता पुन्हा जुन्या ठिकाणी आला आहे. खेड्यांतला पट घटला. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून अधिक असल्याचे पुढे आले आणि त्यांच्या समूहशाळा करण्याची चर्चा सुरू झाली. २०२४च्या संचमान्यतेच्या निकषांत अशा लहान शाळांतले दुसरे नियमित पदच धोक्यात आले. त्या जागी निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक देण्याची भाषा झाली. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली, मोर्चे निघाले आणि त्या निर्णयात पुढे बदलही होत गेले. बातम्यांत हा वाद पदांचा, खर्चाचा आणि मुलांच्या हक्काचा म्हणून आला. डबा उघडताना समोर कोण असणार, हा मुद्दा कोणत्याच निवेदनात बसत नाही.

ज्या शाळेत सध्या एकच शिक्षक उरला आहे, तिथला शिक्षक रजेवर जातो तेव्हा केंद्रप्रमुख शेजारच्या शाळेतल्या एकाला दोन दिवसांसाठी तिकडे पाठवतो. याला ‘कामगिरीवर पाठवणे’ म्हणतात. तो शेजारचा शिक्षक मोटारसायकल काढतो, अनोळखी मुलांची हजेरी घेतो, फळ्यावर तारीख घालतो. त्याच्या मूळ शाळेत दोन जण होते. तिथे आता दोन दिवस एकच.